तपासणीची मुदत उलटलेली गाडी रस्त्यावर आणणाऱ्यांस खुले पत्र

वाहनमालक आणि वाहनचालक बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

ज्यांच्या गाडीच्या सुरक्षा तपासणी प्रमाणपत्राची मुदत संपलेली आहे, ती संपल्याचे ज्यांना पक्के ठाऊक आहे आणि तरीही ज्यांची गाडी आज सकाळी रस्त्यावर होती, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. मुदत कधी संपते हेच ज्यांना आठवत नाही, त्यांनीही ते वाचावे. मात्र वाचण्याआधी कागद काढून तारीख पाहावी.

मी स्वतः पाच महिने तुमच्यातलाच एक होतो. त्यामुळे उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, विनंती करण्याचा आहे असे मी समजतो. मुदत संपली त्या आठवड्यात गाडीत बसताना रोज आठवण व्हायची, चौकात पोलीस दिसला की छातीत धस्स व्हायचे. दुसऱ्या महिन्यात ती आठवण आठवड्यातून एकदा होऊ लागली आणि तिसऱ्या महिन्यात मी तो विषय विसरूनच गेलो. गाडी एका किल्लीत सुरू होत होती, ब्रेक लागत होते, दिवे पेटत होते. ‘गाडी ठणठणीत आहे, फक्त पासिंग राहिले आहे,’ असे मी लोकांना सांगत होतो, आणि ते मला खरे वाटत होते.

पाचव्या महिन्यात एका कामासाठी प्रमाणपत्राची प्रत मागितली गेली, तेव्हा नाइलाजाने गाडी तपासणीला नेली. गाडी खालून पाहता यावी म्हणून केलेल्या खड्ड्यावर ती उभी केल्यावर काही वेळाने तपासनिसांनी मला खाली बोलावले. त्यांनी हातातल्या बॅटरीचा उजेड पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेवर टाकला आणि बोट लावून पाहायला सांगितले. बाहेरून, म्हणजे आपण गाडीजवळ उभे राहून पाहतो तिथून, त्या टायरची नक्षी चांगली खोल दिसत होती. आतल्या कडेला मात्र रबर झिजून संपले होते आणि खालच्या पोलादी तारा तीनेक बोटे लांबीच्या पट्ट्यात उघड्या पडल्या होत्या. त्या बोटाला टोचल्या. आदल्याच रविवारी याच टायरवर घरची चार माणसे घेऊन मी भरधाव रस्त्याने जाऊन आलो होतो.

चाकांचा कोन बिघडला होता, म्हणून टायर आतून झिजत गेला. कोन कधी बिघडला, हे कोणालाच सांगता येणार नाही. मला मात्र तिथे उभा असताना एक गोष्ट आठवली. सरळ रस्त्यावर गाडी थोडी डावीकडे ओढत असे आणि माझा हात स्टिअरिंग केसभर उजवीकडे धरून ठेवत असे. हे हाताला इतके अंगवळणी पडले होते की मनाला त्याचा पत्ता नव्हता. गाडीने खूण केली होती आणि माझ्या हाताने ती परस्पर निस्तरली होती.

माझे सगळे म्हणणे या एका अनुभवात आहे. गाडीतले जे दोष जीव घेतात, त्यांतले बरेचसे एका रात्रीत होत नाहीत; ते दररोज इतक्या बारीक पावलांनी वाढतात की रोज गाडी चालवणारा माणूसच ते ओळखायला सर्वांत नालायक ठरतो. ब्रेकचे पायडल आज कालच्यापेक्षा दोऱ्याएवढेही खाली जात नाही, पण वर्षभरात बोटभर खाली गेलेले असते, आणि तेवढ्या काळात आपला पाय तेवढे जास्त दाबायला शिकलेला असतो. तीच गाडी एखाद्या मित्राच्या हाती दिली, तर पहिल्या सिग्नललाच तो विचारतो, ‘अरे, याचे ब्रेक असे का?’ तपासणी म्हणजे कायद्याने ठरवून दिलेली अशी परकी नजर. प्रमाणपत्रावरची तारीख त्या नजरेची आहे. ती उलटून गेली याचा अर्थ गाडी बिघडली असा नसून, तुमच्या गाडीला ठरल्यापेक्षा जास्त काळ तुमच्याखेरीज कोणी पाहिलेले नाही, एवढाच आहे. आणि मला हा अर्थ पहिल्यापेक्षा जास्त गंभीर वाटतो.

‘मुदत काल रात्री बारा वाजता संपली, म्हणून आज सकाळी गाडी धोकादायक झाली का?’ हा प्रश्न मीही स्वतःला विचारत होतो. नाही, झाली नाही. तारीख कुठेतरी घालावीच लागते आणि ती ठरवताना अंदाज असतोच. जपानमध्ये नव्या खासगी मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशात पहिली तपासणी चार वर्षांत आणि नंतर दर दोन वर्षांनी ही किमान अट आहे, आणि सदस्य देशांना त्याहून कडक नियम करण्याची मुभा आहे. भारतात माल आणि प्रवासी वाहतुकीच्या वाहनांचे योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांसाठी आणि त्याहून जुन्या गाडीला एका वर्षासाठी नव्याने मिळते, तर खासगी मोटारीची नोंदणीच पंधरा वर्षांची असते. इतके वेगवेगळे आकडे पाहिले की यातला कोणताही आकडा निसर्गनियम नाही हे उघड होते. पण ठरलेली तारीख पाळायची नाही असे म्हटले, तर तिच्या जागी दुसरी कोणती तारीख तुम्ही ठेवता? मी तरी कोणतीच ठेवली नव्हती. ‘पुढच्या महिन्यात’ ही तारीख पाच वेळा आली आणि पाच वेळा गेली.

तपासणीची सक्ती कुणाच्या लहरीतून आलेली नाही, हे ब्रिटनच्या उदाहरणावरून दिसते. तिथे १९६० मध्ये दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ही तपासणी सुरू झाली, आणि तेव्हा फक्त ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग पाहिले जाई. नापास होणाऱ्या गाड्यांचे प्रमाण इतके मोठे निघाले की पुढच्याच वर्षी वयाची अट दहावरून सातवर आणावी लागली आणि १९६७ मध्ये ती तीन वर्षांवर आली. या साऱ्या गाड्या आदल्या दिवसापर्यंत रस्त्यावर धावत होत्या आणि त्यांच्या मालकांनाही आपली गाडी ठणठणीतच वाटत असणार. करोनाच्या साथीत २०२० मध्ये ब्रिटनने तपासणीची मुदत सहा महिन्यांनी वाढवली, भारतातही संपलेल्या कागदपत्रांना वेळोवेळी मुदतवाढ मिळाली. ती सवलत लोकांच्या अडचणीसाठी होती आणि योग्यच होती. गाडीच्या ब्रेक लायनरना मात्र तिचा काही उपयोग नव्हता; ते चाललेल्या अंतराप्रमाणे झिजतच राहिले.

ब्रेकविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे आपला भ्रम सर्वांत मोठा असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर पुढे जाते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर चांगले ब्रेक असतील, तर पाय पायडलवर पडल्यानंतर ती साधारण वीस मीटरमध्ये थांबते. आता लायनर झिजल्यामुळे म्हणा किंवा एका बाजूचा पिस्टन अडकल्यामुळे म्हणा, ब्रेकची ताकद निम्म्यावर आली आहे असे समजा. ती गाडी चाळीस मीटरमध्ये थांबेल, हे कुणीही सांगेल. पण ज्या ठिकाणी चांगली गाडी पूर्ण थांबली असती, त्या विसाव्या मीटरवर या गाडीचा वेग किती उरलेला असतो? शून्याच्या जवळपास असेल असे आपले मन सांगते. हिशेब केला तर तो ताशी ४२ किलोमीटर निघतो. रस्ता ओलांडणारे मूल त्या विसाव्या मीटरवर असेल, तर एका गाडीने ते दचकते आणि दुसऱ्या गाडीने ते उडवले जाते. शहरातल्या रोजच्या चालवण्यात मात्र आपण ब्रेकच्या ताकदीचा लहानसाच भाग वापरतो, त्यामुळे निम्मी ताकद गेली तरी महिनोन्‌महिने काही जाणवत नाही. ‘ब्रेक लागतात की!’ हे आपले वाक्य त्या लहानशा भागापुरतेच खरे असते.

तपासणी केंद्रात गाडीची चाके रोलरवर ठेवून ब्रेक दाबायला सांगतात, ते याचसाठी. डाव्या आणि उजव्या चाकाची ताकद तिथे वेगवेगळी मोजली जाते. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी सरळ थांबण्याऐवजी एका बाजूला फिरते, आणि ओल्या रस्त्यावर ती आडवीच होते. हा दोष घरी, गल्लीत, पार्किंगमध्ये कळण्याचा मार्ग नाही.

ब्रेक ऑइलचेही तसेच आहे. ते हवेतली आर्द्रता हळूहळू शोषून घेते. आपल्या गाड्यांत नेहमी वापरले जाणारे ‘डॉट ४’ प्रतीचे ऑइल नवे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्याच ऑइलात पाणी मुरल्यानंतरच्या स्थितीसाठी प्रमाणित किमान मर्यादा १५५ अंश आहे. लांब घाट उतरताना ब्रेक तापतात, जुने ऑइल उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पायडल एकाएकी जमिनीला टेकते. सपाट रस्त्यावर दोन वर्षे इमानाने चाललेली गाडी घाटात पहिल्यांदाच दगा देते, त्यामागे अनेकदा हे कारण असते.

टायरबद्दल माझी कथा सांगितलीच आहे. एवढीच भर घालतो की नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते आणि मोटारीसाठी १.६ मिलिमीटर ही कायदेशीर किमान खोली अनेक देशांनी मानली आहे. टायरच्या खाचांत त्या उंचीवर रबराचे लहान उंचवटे दिलेले असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. हे पाहताना टायरच्या आतल्या कडेकडेही पाहा, आणि त्यासाठी स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक बाहेर काढा. गुडघे टेकावे लागतात, कपडे मळतात. मी आता ते करतो.

हेडलाइट, वायपर, सीट बेल्ट, हॉर्न यांची तपासणी क्षुल्लक वाटते. त्यांतल्या हेडलाइटकडे तरी दुर्लक्ष करू नये. बल्ब बदलताना तो नीट बसला नाही आणि झोत वर गेला, तर तुम्हाला उलट लांबचे जास्त दिसते आणि बरे वाटते. समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला मात्र क्षणभर काहीच दिसत नाही, आणि त्याला तुमची गाडी कोणती हेही कळत नाही. आपल्या दोषाची किंमत अनोळखी माणूस मोजतो आणि आपल्यापर्यंत त्याची हाकही येत नाही, अशी ही गोष्ट आहे.

आता कायद्याविषयी. शिक्षेची भीती घालण्यासाठी हे पत्र नाही, पण शिक्षा किती आहे हे ठाऊक असावे. जपानमध्ये मुदत संपलेली गाडी चालवल्यास सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा तीन लाख येनपर्यंतचा दंड होऊ शकतो आणि परवानाही निलंबित होतो. तिथे सक्तीच्या विम्याची मुदत तपासणीच्या मुदतीशी जोडलेली असल्यामुळे एक विसरला की दुसराही बहुधा संपतो, आणि त्याची शिक्षा आणखी वेगळी आहे. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे योग्यता प्रमाणपत्र नसलेल्या वाहतूक वाहनाची नोंदणीच वैध धरली जात नाही. त्याच कायद्याचे कलम १९२ नोंदणीविना गाडी चालवणाऱ्याबरोबर ती चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही दोषी धरते.

‘चालवू देणाऱ्यालाही’ हा वरचा शब्द मी गाड्यांच्या ताफ्याच्या मालकांसाठी मुद्दाम लिहिला आहे. मुदत संपलेल्या गाडीची किल्ली तुम्ही नोकरीवरच्या चालकाच्या हाती ठेवता, तेव्हा त्याच्यापुढे फारसा पर्याय नसतो. नको म्हटले तर रोजगार जातो. हो म्हटले तर अडवले जाणे, दंड होणे आणि अपघात झाल्यास कोठडीत बसणे त्याच्या वाट्याला येते. गाडी तपासणीला उभी केली की एक दिवसाची कमाई बुडते, हे मला मान्य आहे. त्या दिवसाचा खर्च धंद्याचा आहे, आणि तो चालकाच्या जिवावर टाकण्याचा हक्क कोणत्याही मालकाला नाही. तुमच्याकडे पाच गाड्या असतील, तर पाचही तारखा एका वहीत लिहून ठेवण्याचे काम तुमचेच आहे. ‘ड्रायव्हरने आठवण केली नाही’ हे कारण कृपया सांगू नका. ज्यांची एकच गाडी आहे आणि तिच्यावरच ज्यांची चूल पेटते, त्यांच्याविषयी मला याहून वेगळे वाटते. त्यांच्यासाठी तपासणीची वेळ मिळणे, रांग, दुरुस्तीचा खर्च हे सगळे खरोखर जड असते. म्हणूनच त्यांनी मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये, कारण आधी गेले तर नापास झालेली गाडी दुरुस्त करून पुन्हा आणायला हाताशी दिवस उरतात.

एक आक्षेप मला अनेकांनी ऐकवला, आणि त्याला तोंड न देता हे पत्र पुरे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘अहो, प्रमाणपत्र काय, पैसे टाकले की गाडी न दाखवताही मिळते. मग त्या कागदाचे एवढे कौतुक कशाला?’ असा कागद ज्याने घेतला त्याची गाडी मुदत संपलेल्या गाडीइतकीच न पाहिलेली आहे, किंबहुना तिच्यावर मालकाचा खोटा भरवसा असल्यामुळे ती जास्त वाईट आहे. पण या आक्षेपातून ‘म्हणून मीही तपासणी करणार नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही. काही औषधे बनावट असतात म्हणून आजारी माणसाने औषध सोडायचे नसते. खरे प्रमाणपत्रसुद्धा तपासणीच्या दिवशीच्या गाडीबद्दल बोलते, पुढच्या वर्षभराची हमी देत नाही. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून तपासणीत सापडलेल्या दोषांची वर्गवारी होते, आणि ‘धोकादायक’ ठरलेला दोष निघाला, तर जुन्या प्रमाणपत्राचे दिवस शिल्लक असले तरी दुरुस्तीशिवाय ती गाडी चालवता येत नाही. गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी रोजची आहे, आणि तपासणी ही त्या जबाबदारीची सर्वांत खालची पायरी आहे. आपण ती पायरीही चढत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

विसरणे माणसाला लागूच आहे, म्हणून तपासणीच्या यंत्रणांनाही दोन शब्द लिहितो. जर्मनीत तपासणीचा गोल बिल्ला मागच्या नंबर प्लेटवर असतो. मधल्या आकड्यावरून वर्ष आणि सर्वांत वर आलेल्या आकड्यावरून महिना कळतो, त्यामुळे मागून येणाऱ्या कुणालाही मुदत वाचता येते. जपानने जुलै २०२३ पासून पुढच्या काचेवरच्या बिल्ल्याची जागा बदलून तो चालकाला बसल्या जागी दिसेल असा लावायला सांगितला, आणि मुदत संपलेल्या गाड्या नकळत चालवल्या जाऊ नयेत हाच त्यामागचा हेतू होता. तिथे एप्रिल २०२५ पासून मुदत संपण्याच्या दोन महिने आधी तपासणी केली तरी जुन्या मुदतीचे दिवस बुडत नाहीत. ‘आधी गेलो तर पैसे भरलेले दिवस वाया जातील’ ही आपली नेहमीची सबब त्यामुळे उरत नाही. ज्या ज्या ठिकाणी असे नियम नाहीत, तिथल्या अधिकाऱ्यांनी ते करावेत.

आणि आता, ज्यांची मुदत आज संपलेली आहे त्यांना, करायचे काय ते सांगतो. गाडी आहे तिथे उभी ठेवा आणि आजच तपासणीची वेळ ठरवा. तिथपर्यंत गाडी स्वतः चालवत नेता येते का, हे तुमच्या ठिकाणच्या नियमांत आधी पाहून घ्या: ब्रिटनमध्ये वेळ आधी ठरवलेली असेल तर तपासणीला जाण्यापुरती सूट आहे, जपानमध्ये त्यासाठी तात्पुरती नंबर प्लेट घ्यावी लागते, आणि कित्येक ठिकाणी गाडी ओढूनच न्यावी लागते. विमा कंपनीला फोन करून आपल्या विम्याची स्थिती विचारा. तपासणीआधी एखाद्या जाणत्या मेकॅनिकला घरी बोलावून ब्रेक, टायर, स्टिअरिंगचा ढिलेपणा आणि दिवे पाहून घेतलेत, तर केंद्रात नापास होऊन दुसरी फेरी पडण्याची शक्यता कमी होते. तपासनीस खड्ड्यात असताना बाहेर चहा घेत थांबू नका. परवानगी मिळाली तर खाली उतरा आणि तो बॅटरी जिथे धरेल तिथे पाहा.

माझा तो टायर मी त्याच दिवशी बदलला, चाकांचा कोन नीट करून घेतला आणि गाडी पुन्हा तपासणीला नेली. परत येताना सरळ रस्त्यावर गाडी उजवीकडे जाते आहे असे सारखे वाटत होते. गाडी आता आपणहून सरळच जात होती. माझा हातच अजून जुन्या सवयीने तिला उजवीकडे ओढत होता. ती सवय जायला तीन-चार दिवस लागले.

आपला,
एक वाहनमालक